चेंडू गेल्यावरचे पाच सेकंद

डॉन नदी आमच्या पिढीला भेटली ती शोलोखोवच्या कादंबरीत. त्या नदीच्या काठी रोस्तोव नावाचं शहर आहे. तिथे २ जुलै २०१८ च्या रात्री विश्वचषक फुटबॉलच्या बाद फेरीत जपान आणि बेल्जियम समोरासमोर आले होते. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. मध्यंतरानंतरच्या पहिल्या सात मिनिटांत जपानने दोन गोल केले. बेल्जियमने ६९व्या आणि ७४व्या मिनिटाला त्यांची फेड केली. नव्वद मिनिटं संपली, भरपाईची चार मिनिटंही सरत आली, आणि जपानला कॉर्नर मिळाला. होंडाने चेंडू उंच टाकला. बेल्जियमचा गोलरक्षक कुर्त्वा पुढे आला आणि झाडावरचं फळ तोडावं इतक्या सहजपणे त्याने तो हवेतच झेलला.

इथून पुढे जे घडलं त्याला पंधरा सेकंदही लागले नाहीत. कुर्त्वाने चेंडू डी ब्रॉयनेच्या पुढ्यात सोडला. डी ब्रॉयने मैदानाच्या मधोमध, मोकळ्या रस्त्यावरून निघाल्यासारखा धावत सुटला. त्याने उजवीकडे म्यूनिएला पास दिला, म्यूनिएने तो गोलसमोर आडवा सोडला, लुकाकूने मारायचा आव आणून पायांतून जाऊ दिला आणि मागून आलेल्या शादलीने जाळ्यात ढकलला. जपान ३-२ ने हरला आणि स्पर्धेबाहेर पडला. जपानी खेळाडूंनी जाताना ड्रेसिंग रूम झाडून-पुसून लख्ख केली आणि रशियन भाषेत आभाराची चिठ्ठी ठेवली, हे आपल्या वर्तमानपत्रांत कौतुकाने छापून आलं. कौतुक योग्यच होतं. पण त्या कौतुकाच्या भरात त्या पंधरा सेकंदांकडे पाहायचं राहून गेलं.

बऱ्याच जाणकारांनी होंडाला दोष दिला. शेवटचा क्षण होता, कॉर्नर हळूच जवळच्याला द्यायचा, वेळ काढायचा, जादा वेळेत जायचं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. जिंकायला निघालेल्या माणसाला जिंकायला का निघालास म्हणून कसं विचारणार? प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कॉर्नर फुकट जाऊ शकतो हे तर शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तो फुकट गेला, तर कोणी कुठे धावायचं, हे त्या रात्री जपानच्या अकरा जणांत ठरलेलं दिसलं नाही. उंच बचावपटू हेडरच्या आशेने पुढे गेलेले, मागे राहिलेले मोजकेच. गोलरक्षक हातातला चेंडू सोडत असताना त्याला आडवं जाणं नियमात बसत नाही, तेव्हा कुर्त्वाला कोणी रोखू शकत नव्हतं. पण त्याच्या हातून चेंडू घेणारा डी ब्रॉयने होता, आणि त्याच्या जवळ कोणी नव्हतं.

फुटबॉलमध्ये गोल होतात दोन-तीन. चेंडू हातचा जातो मात्र (पायचा जातो म्हणायला हवं, पण भाषेला ते सोसत नाही) दोन्ही संघांचा मिळून शेकडो वेळा. मेस्सीचा जातो, आणि आपल्या गल्लीतल्या पोराचाही जातो. चेंडू न गमावणारा संघ अजून जन्माला यायचा आहे. मग ज्या गोष्टीचा अनुभव प्रत्येक सामन्यात शेकडो वेळा येतो, तिचा विचार आपण इतका कमी का करतो? आपण मुलांना ड्रिबलिंग शिकवतो, पास शिकवतो, गोल मारून शर्ट काढून कसं पळायचं हे तर ती टीव्हीवरून आपोआप शिकतात. चेंडू गेल्यानंतर काय, हे शिकवायला सहसा कोणी बसत नाही.

आता, बँकेत चौतीस वर्षं खर्डेघाशी केलेल्या आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने हे सांगावं का, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येईल. त्याचं उत्तर अरिगो साकी यांनी देऊन ठेवलं आहे. हे इटालियन गृहस्थ वडिलांच्या बुटांच्या कारखान्यासाठी विक्रीचं काम करायचे. मोठ्या पातळीवर कधी खेळले नाहीत. १९८७ साली ते मिलान संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. त्यावर ते म्हणाले, की घोडेस्वार व्हायला आधी घोडा म्हणून जन्म घ्यावा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. पुढे १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांच्या संघाने युरोपियन कप जिंकला. १९८९ च्या उपान्त्य फेरीत रेआल माद्रिदसारख्या संघाला त्यांनी आपल्या मैदानावर पाच गोलांनी हरवलं. साकींचा आग्रह साधा होता. आघाडीचा खेळाडू आणि शेवटचा बचावपटू यांच्यात पंचवीस-तीस मीटरपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. सगळे जवळ-जवळ राहिले, की चेंडू गेला तरी तो फार लांब जात नाही.

चेंडू गेल्यावर दोन रस्ते असतात. एक, जिथे गेला तिथेच त्याच्या मागे लागायचं आणि पाच-सहा सेकंदांत परत मिळवायचा. दुसरा, सगळ्यांनी मागे येऊन आपल्या गोलसमोर भिंत उभी करायची. पहिल्या रस्त्याला जर्मन लोक गेगेनप्रेसिंग म्हणतात. शब्द अवघड, पण गोष्ट मराठी माणसाला परकी नाही. कबड्डी आठवा. चढाईला आलेल्याने आपल्या गड्याला हात लावला, की तो गडी बाद झाल्यातच जमा असतो. पण चढाई करणारा मध्यरेषा गाठेपर्यंत नाही. तेवढ्या क्षण-दोन क्षणांत त्याला धरला, तर आपला गडी वाचतो आणि त्यांचाच बाद होतो. म्हणून हात लागलेला गडी कपाळाला हात लावून उभा राहत नाही, तोच आधी घोट्याकडे झेपावतो आणि बाकीचे वर पडतात. 'तू कसा सापडलास' हे विचारायला नंतर वेळ असतो.

फुटबॉलच्या मैदानावर हेच चित्र जगाने ठळकपणे पाहिलं ते १९७४ साली. रिनस मिशेल्स यांच्या हॉलंडने त्या विश्वचषकात उरुग्वेला २-० हरवलं. त्या सामन्याची चित्रफीत मिळाली तर जरूर पाहा. चेंडू उरुग्वेच्या खेळाडूकडे गेला, की नारिंगी शर्टांचा एक थवाच त्याच्यावर उतरतो. मध्यमाशांचं पोळं उठावं तसं. पुढे २००८ ते २०१२ या काळात ग्वार्डिओलांच्या बार्सिलोनाने याला शिस्त आणली. आपण त्यांचे सुंदर पास पाहत राहिलो, पण चेंडू गेल्यावर पाच-सहा सेकंद जीव तोडून धावायचं, हा त्यांचा नियमही तितकाच महत्त्वाचा होता. मेस्सी, शावी, इनिएस्ता यांच्यासारखी माणसं हमालासारखी धावायची, आणि म्हणून पुन्हा पुन्हा त्यांच्याच पायाशी चेंडू दिसायचा.

हा रस्ता का चालतो, याचं कारण मला फार आवडतं, कारण ते माणसाच्या स्वभावात आहे. ज्याने नुकताच चेंडू हिसकावला, त्याने त्यासाठी ताकद खर्च केलेली असते. नजर खाली, चेंडूवर असते. तोंड बहुधा स्वतःच्याच गोलकडे असतं. त्याचे साथीदार अजून बचावाच्या जागांवर असतात, पास घ्यायला कोणी मोकळं झालेलं नसतं. थोडक्यात, मिळवणाऱ्याला आपण काय मिळवलं हे अजून कळायचं असतं. त्याने मान वर केली, एक श्वास घेतला, की तो धोकादायक झाला. त्याआधीचे दोन-तीन सेकंद तो मैदानातला सर्वांत दुबळा माणूस असतो. युर्गेन क्लॉप तर म्हणत, की चेंडू गेल्या जागीच परत मिळवण्याने गोलची जी संधी तयार होते, तशी जगातला कुठलाही प्लेमेकर करून देऊ शकत नाही.

क्लॉप यांच्याच लिव्हरपूलचा ७ मे २०१९ चा सामना घ्या. आठवड्यापूर्वी बार्सिलोनात ते ०-३ ने हरले होते. सालाह आणि फर्मिनो दोघेही बाहेर. ॲनफिल्डवर सातव्या मिनिटाला ओरिगीने एक गोल केला खरा, पण अजून दोन हवे होते, तेही फक्त बरोबरीला. ५४व्या मिनिटाला वीस वर्षांचा अलेक्झांडर-अरनॉल्ड उजव्या बाजूने चढला आणि त्याने चेंडू गमावला. बार्सिलोनाच्या जोर्दी आल्बाकडे तो गेला. इथे दहापैकी नऊ खेळाडू हात वर करून पंचांकडे पाहतात, नाहीतर मान खाली घालून परत फिरतात. हा पोरगा तिथल्या तिथे वळला, आल्बाचा पाय स्थिर व्हायच्या आत चेंडू काढून घेतला आणि गोलसमोर पाठवला. मध्यंतरानंतर बदली म्हणून आलेल्या वाइनाल्डमने तो मारला. दोन मिनिटांत वाइनाल्डमनेच हेडरने आणखी एक. ७९व्या मिनिटाला ओरिगीचा चौथा. लिव्हरपूलने ४-० ने सामना जिंकला, आणि पुढे चषकही. चौथा गोल झटपट घेतलेल्या कॉर्नरचा होता आणि लोक त्याच्याच आठवणी काढतात. मला विचाराल तर सामना फिरला तो दुसऱ्या गोलला, आणि त्या गोलची सुरुवात चेंडू गमावण्यात होती.

पण धावायचं म्हणजे कसं? सगळ्यांनी आंधळेपणाने तुटून पडायचं, तर ती गल्लीतली झुंबड झाली. सर्वांत जवळचा एक जण चेंडूवर जातो, आणि तो सरळ नाही, किंचित वळसा घेऊन जातो, म्हणजे समोरच्याचा सोपा पास त्याच्या अंगाआड येतो. दुसरा-तिसरा आसपासच्या मोकळ्या गड्यांना चिकटतात. मैदानाची कडरेषा हा फुकटचा बारावा खेळाडू. समोरच्याला तिच्याकडे ढकलत न्यायचं. मागची फळी मागे पळत नाही, दोन पावलं पुढे सरकते, आणि गोलरक्षकही आपली चौकट सोडून थोडा बाहेर येतो. पहिला गेला तो पायात पाय घालून लोळण घेत नाही; अडवून धरतो. लोळण घेतली आणि चेंडू सुटला, की तुमचा एक माणूस जमिनीवर आणि त्यांचा एक मोकळा. अलीकडे यातून पळवाट म्हणून मुद्दाम शर्ट ओढून फाउल करायची पद्धत पडली आहे, आणि समालोचक तिला हुशारी म्हणतात. मला ती उधारी वाटते. पिवळ्या कार्डावर व्याज चढत जातं.

आणि सोडायचं केव्हा, हेही ठरलेलं हवं. पहिलं कडं भेदून चेंडू बाहेर गेला, समोरच्याची मान वर झाली, त्याच्यापुढे जागा दिसली, की धावणं थांबवायचं आणि सगळ्यांनी मागे फिरायचं. आधी मधला रस्ता बंद करायचा, कडेचा नंतर.

दुसरा रस्ता भित्र्यांचा आहे, असं मात्र कोणी समजू नये. २०१० साली मोरिन्योंचा इंटर मिलान बार्सिलोनाच्या मैदानावर अर्ध्या तासाच्या आतच दहा जणांवर आला. उरलेला सगळा वेळ त्यांनी आपल्या गोलसमोर ठाण मांडलं, सामना फक्त ०-१ असा गमावला आणि एकूण ३-२ ने अंतिम फेरीत गेले. २०१६ साली लेस्टरने इंग्लंडची लीग जिंकली ती मागे थांबून, वेळ साधून. मे महिन्यात नागपुरात दुपारी सामना असेल, तर नव्वद मिनिटं चेंडूमागे धावा असं मीही सांगणार नाही. माझा कौल पहिल्या रस्त्याला आहे, पण दुसराही रस्ताच आहे.

घात करतो तो तिसरा प्रकार. तिघे पुढे धावतात, चौघे मागे पळतात, उरलेले जागेवर उभे राहून एकमेकांना हात दाखवतात. मधे जी रिकामी जागा पडते, तिच्यातून डी ब्रॉयने धावत जातो. ८ जुलै २०१४ ला बेलो होरिझोंतेमध्ये ब्राझीलचं हेच झालं. तिसरा गोल खाल्ल्यावर त्यांनी मध्यावरून चेंडू खेळात आणला, क्रूसने तो फर्नान्दिन्योच्या पायातून काढला, खेदिराशी देवाणघेवाण केली आणि २६व्या मिनिटाला चौथा. २३ ते २९ या मिनिटांत चार गोल झाले. त्या अकरा जणांत गुणवत्तेची कमतरता होती असं कोण म्हणेल? चेंडू गेल्यावर प्रत्येक जण आपल्यापुरता विचार करत होता, आणि त्या प्रत्येकाचा विचार वेगळा होता.

इथे मला माझ्या जुन्या धंद्यातली एक गोष्ट आठवते. संध्याकाळी कॅश जुळली नाही, पाचशे रुपये कमी भरले, की आमच्या एका शाखेतले हेड कॅशियर एकच करायचे. शटर अर्धं ओढून सगळ्यांना आपापल्या टेबलावरून उठवायचे. एकाने पेमेंटचं स्क्रोल तपासायचं, दुसऱ्याने बंडलं पुन्हा मोजायची, शिपायाने बस स्टॉपपर्यंत जाऊन शेवटच्या ग्राहकाला गाठायचं. काउंटरवरचा पोरगा रडकुंडीला आलेला असायचा; त्यालाही मोजायला बसवायचे. पहिल्या अर्ध्या तासात पैसे बहुतेक वेळा सापडत. घरी जाऊन सकाळी बघू म्हटलं, की सहसा सापडत नसत. 'हे कोणाच्या हातून झालं' याचा मेमो दुसऱ्या दिवशी निघायचाच, त्याची घाई नव्हती.

आता आपल्या मुलांच्या मैदानाकडे या. रविवारी सकाळी कोणत्याही शहरात जा, कुठल्याशा टर्फवर आठ-दहा वर्षांची मुलं फुटबॉल खेळताना दिसतील आणि जाळीबाहेर त्यांचे आईबाप. कोल्हापूरची गोष्ट वेगळी. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियममध्ये भिडतात, पेठाच्या पेठा सामन्याला लोटतात, आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण आमच्या पुण्या-मुंबईकडे हा खेळ नवा छंद म्हणून आलेला आहे आणि पालकांना त्याची घाई फार. मुलाचा चेंडू गेला, की जाळीबाहेरून आरोळी येते, "अरे, पास का नाही दिलास!" मी हे बारकाईने पाहत आलो आहे. आरोळी आली, की मूल वळून बाहेर बघतं. दोन सेकंद बघतं. ज्या दोन सेकंदांत चेंडू परत मिळायचा, ते आपल्याकडे बघण्यात जातात. चेंडू दूर निघून जातो आणि मग दुसरी आरोळी येते, "पळ की आता!"

माझ्या नातवाला मी एकदा विचारलं, चेंडू गेल्यावर तू थांबलास का रे? तो म्हणाला, "आजोबा, बाबा काय म्हणतायत ते ऐकत होतो." मी त्याच्या बाबांना, म्हणजे माझ्या चिरंजीवांना, हे तसंच्या तसं सांगितलं. दोन रविवार शांततेत गेले.

यातलं खरं नुकसान हरलेल्या सामन्याचं नसतं. चेंडू गमावला की बोलणी बसतात, हे एकदा डोक्यात बसलं की मूल चेंडू मागतच नाही. गर्दीत, सुरक्षित जागी उभं राहतं. आला तर लगेच दुसऱ्याकडे लोटून देतं. आणि बारा-तेराव्या वर्षी 'मला क्लास आहे' म्हणून यायचंच बंद होतं. याउलट चेंडू गेला तर चौघे जण लगेच आपल्या मदतीला धावणार आहेत, ही खात्री असलेलं मूल दोन जणांच्या मधून चेंडू काढून बघायला धजावतं. बार्सिलोनाचे खेळाडू अवघड पास बिनधास्त देत, त्यालाही हेच कारण असावं असं मला वाटतं. गेला तरी परत आणू, हा भरवसा पाठीशी होता.

जपानचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. रोस्तोवच्या रात्री संघाबरोबर सहायक प्रशिक्षक म्हणून असलेले मोरियासू पुढे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२२ साली कतारमध्ये त्यांच्या संघाने जर्मनीला आणि स्पेनला, दोघांनाही २-१ असं हरवलं. स्पेनविरुद्ध तर चेंडू वीस टक्के वेळही जपानकडे नव्हता. पूर्वार्धात एक गोल खाऊनही सगळे मागे ठाण मांडून होते. मध्यंतरानंतर सगळेच्या सगळे एकदम वर आले, स्पेनच्या गोलरक्षकापर्यंत जाऊन भिडले, चेंडू हिसकावला आणि तीन-चार मिनिटांत दोन गोल केले. मागे होते तेव्हा सगळे मागे होते, पुढे आले तेव्हा सगळे पुढे.

मुलांना हे शिकवायला फळा लागत नाही की व्हिडिओ लागत नाही. आमच्याकडच्या मैदानावर एक तरुण प्रशिक्षक येतो. त्याने पाच विरुद्ध पाचच्या खेळात एकच नियम घातला आहे. चेंडू गमावलेल्या संघाने मोठ्याने पाचपर्यंत मोजायचं. पाचाच्या आत परत मिळवला तर अर्धा गोल, नाही मिळाला तर सगळ्यांनी आपल्या अर्ध्यात परत यायचं. पहिल्या दिवशी मुलं नुसतीच मोजत उभी होती. तिसऱ्या आठवड्यात मोजायचं विसरून धावायला लागली, तेव्हा मोजायचं काम त्याने जाळीबाहेरच्या पालकांना दिलं. त्यामुळे त्यांना दुसरं काही ओरडायला सवड उरत नाही.